ट्यून केलेला पिकअप, मागे ट्रेलर आणि बिघडलेले गिअर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

अमेरिकेत जुना डिझेल पिकअप घ्यायचा, मागे कॅम्पर (आत राहता येईल असा ट्रेलर) लावायचा आणि सुट्टीत पोरांना घेऊन एखादं नॅशनल पार्क गाठायचं, हा बेत आता इथल्या मराठी घरांतही नवा राहिलेला नाही. सेकंडहँड बाजारात असे ट्रक भरपूर मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच ट्रकांत आधीच्या मालकाने ट्यून टाकलेला असतो, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या कंप्युटरचा प्रोग्रॅम बदललेला असतो. रिकामा ट्रक पळवताना मजा येते. ट्रेलर जोडून पहिला मोठा चढ लागला की रडगाणं सुरू होतं. गिअर चौथा-पाचवा-चौथा करत बसतो, आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, गिअर बदलताना दणकन झटका बसतो, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ट्रक एकाच गिअरमध्ये अडकून राहतो. गॅरेजवाला ऐकून घेतो आणि म्हणतो, ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) गेलं, रिबिल्ड (उघडून नव्याने बांधणी) करा. म्हणजे काही हजार डॉलर.

कधीकधी तो बरोबर असतो. पण रिबिल्डला होकार देण्याआधी घरच्या घरी करता येण्यासारख्या बऱ्याच तपासण्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम चुकला तर नवीन ट्रान्समिशनही त्याच कारणाने जळतं.

ट्यून आणि गिअरबॉक्स यांचं नेमकं काय बिनसतं

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या आत क्लच प्लेटांचे संच असतात आणि ते ऑइलच्या दाबाने आवळले जातात. या दाबाला लाइन प्रेशर म्हणतात. तो किती ठेवायचा हे ट्रान्समिशनचा कंप्युटर ठरवतो, पण त्याला टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, मोजता येत नाही. इंजिनचा कंप्युटर जो आकडा कळवतो त्यावर तो विसंबतो. आकडा मोठा असेल तर दाब वाढवायचा, लहान असेल तर कमी ठेवायचा, कारण गरज नसताना दाब जास्त ठेवला की गिअर झटक्याने पडतात.

आता ट्यून काय करतो? डिझेल वाढवतो. चांगल्या ट्यूनमध्ये टॉर्कचे तक्तेही त्याच प्रमाणात बदललेले असतात, त्यामुळे खरा आकडा ट्रान्समिशनपर्यंत पोचतो. घाईत केलेल्या ट्यूनमध्ये तेवढं राहून जातं. आणि रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरमध्ये अडकवायचे जे स्वस्त बॉक्स मिळतात, त्यांचा धंदाच इंजिनच्या कंप्युटरला फसवण्याचा. रेलमधला दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं ते भासवतात, मग कंप्युटर दाब वाढवतो आणि जास्त डिझेल जातं. म्हणजे किती टॉर्क निघतोय हे खुद्द इंजिनच्या कंप्युटरलाच माहीत नसतं, तो ट्रान्समिशनला काय सांगणार! समजा कळवला जातो ५०० पाउंड-फूट आणि प्रत्यक्षात येतो ६५०. पकड ५०० पुरतीच, म्हणून प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की पकड आणखी कमी होते.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. गिअर बदलण्याच्या क्षणी कंपनीचा प्रोग्रॅम इंजिनचा टॉर्क क्षणभर खाली आणतो, प्लेटा बसल्या की पुन्हा वर नेतो. ‘शिफ्ट एकदम कडक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूनमध्ये ही कपात काढून टाकलेली असते. रिकाम्या ट्रकला ते चालून जातं, कारण भार काही सेकंदांचाच असतो. मागे ९,००० पाउंड असतील तर तोच भार दहा-पंधरा मिनिटं सलग चालतो.

आधी ट्रान्समिशन ओळखा

फोर्डच्या १९९९ ते २००३ च्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनामागे चार गिअरचं ४आर१०० असतं. २००३ मध्ये आलेल्या ६.० आणि त्यानंतरच्या ६.४ लिटरला पाच गिअरचं टॉर्कशिफ्ट, तर २०११ ते २०१९ च्या ६.७ ला सहा गिअरचं ६आर१४०. शेवरले आणि जीएमसीमध्ये २००१ ते २०१९ च्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनामागे अ‍ॅलिसन १००० आहे, ते आधी पाच गिअरचं होतं आणि २००६ पासून सहा गिअरचं झालं. रॅममध्ये ६.७ लिटर कमिन्स इंजिनाबरोबर बहुतेक ठिकाणी ६८आरएफई सापडेल आणि २०१३ नंतरच्या काही ३५०० मॉडेलांत आयसिन.

हे माहीत असायला हवं, कारण ऑइल प्रत्येकाचं वेगळं. ६८आरएफईला एटीएफ प्लस फोर लागतं, आयसिनला ते चालत नाही. ६आर१४० ला मर्कॉन एलव्ही आणि अ‍ॅलिसनला त्यांच्या टीईएस मान्यतेचं ऑइल. दुकानातल्या ‘सर्व गाड्यांसाठी’ लिहिलेल्या बाटलीच्या नादी लागू नका.

ताकदीतही फरक आहे. २००१ चा ड्युरामॅक्स कंपनीतून ३०० हॉर्सपॉवर आणि ५२० पाउंड-फूट घेऊन आला आणि त्यामागचं पाच गिअरचं अ‍ॅलिसन त्या हिशेबाने बांधलेलं होतं. ते टिकाऊ म्हणून नावाजलेलं आहे आणि ते खरंही आहे. पण ते शहाणंही आहे: प्लेटा घसरताना दिसल्या की स्वतःला वाचवण्यासाठी लिंप मोडमध्ये जातं आणि बरेच गिअर नाकारतं. ट्यून केलेला ड्युरामॅक्स चढावर अचानक ढेपाळला तर बऱ्याचदा हेच झालेलं असतं. ६८आरएफई त्यामानाने नाजूक. त्यावर भारी ट्यून टाकून ट्रेलर ओढणं मला पटत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

काट्यावर जा

याचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण हे आधी करा. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. थोडक्या डॉलरमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलवर किती, मागच्यावर किती आणि ट्रेलरवर किती याची पावती मिळते. एकदा ट्रेलरसकट वजन करा आणि एकदा फक्त ट्रकचं, दोन्ही वेळा तीच माणसं आत बसवून आणि टाकीत तेवढंच डिझेल ठेवून. दोन पावत्यांमधल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे हिचवर, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या जोडावर, येणारा भार. साध्या बंपर-पुल (ट्रकच्या मागच्या टोकाला जोडायच्या) ट्रेलरला तो एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा.

कॅम्परच्या माहितीपत्रकातलं ‘ड्राय वेट’ हा निव्वळ विक्रीचा आकडा असतो. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या बहुधा नाहीत, तुमचा कुकर, खुर्च्या, सायकली तर नाहीतच. पाण्याचा एक गॅलन म्हणजे सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त. ५० गॅलनची टाकी भरून निघालात तर ४०० पाउंडांवर वजन तिथेच वाढलं.

ओढण्याची जी क्षमता कंपनी छापते ती मूळ प्रोग्रॅमवर तपासलेली असते. त्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे आणि त्यातली चढाची चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅम ग्रेडवर बेतलेली आहे: रणरणत्या उन्हात, एसी चालू ठेवून, मैलोनमैल चढ. ट्यूनने हॉर्सपॉवर वाढते. ट्रान्समिशन, त्याचं ऑइल थंड करणारा कूलर, ब्रेक आणि अ‍ॅक्सल तेच राहतात, त्यामुळे ओढायची क्षमता एका पाउंडानेही वाढत नाही.

टायर मोजा

आधीच्या मालकाने मोठे टायर चढवलेले असतील तर गिअरच्या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच मिळू शकतं. मूळ टायर साडेएकतीस इंची आणि आता ३५ इंची असतील, तर ३.७३ चा (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ३.७३ फेरे) अ‍ॅक्सल रेशो प्रत्यक्षात साधारण ३.३६ सारखा वागतो. इंजिनला ओढायला जड जातं, ट्रान्समिशन सारखं खालच्या गिअरमध्ये येतं, पुन्हा वर जातं. त्यात कंप्युटरमध्ये टायरचं माप बदललेलं नसेल तर त्याला वेगही चुकीचा कळतो आणि गिअर भलत्याच वेळी पडतात. मीटर ६० दाखवत असताना फोनवरचं जीपीएस ६६-६७ दाखवत असेल, तर नेमकं हेच झालंय. ट्यूनरच्या मेनूमध्ये टायरचं माप घालायची सोय बहुतेक वेळा असते. आधी ते दुरुस्त करा, मग पुढे चला.

ट्यून कोणता आहे ते शोधा आणि मूळ फाइलवर या

ओबीडी पोर्टला (ट्रकचा कंप्युटर तपासायच्या सॉकेटला) लावायचा हातातला ट्यूनर मिळाला असेल तर काम सोपं. असे बरेच ट्यूनर एका ट्रकच्या व्हीआयएनशी (गाडीच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेले असतात आणि कंपनीची मूळ फाइल त्यांच्याच पोटात जपलेली असते. म्हणून ट्यून केलेला ट्रक विकत घेताना तो डबा मागून घ्यायचा, किल्लीइतक्याच आग्रहाने. विकणाऱ्याने तो आधीच दुसरीकडे विकला असेल तर डीलरकडून मूळ प्रोग्रॅम पुन्हा टाकून घ्यावा लागतो. वायरमध्ये अडकवलेला बॉक्स असेल तर इंजिन बंद करून काढा आणि मूळ कनेक्टर नीट जोडा.

इथे एक अडचण येऊ शकते. ट्रकमधून डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारी यंत्रणा) काढून टाकलेलं असेल, ज्याला इथे ‘डिलीट’ म्हणतात, तर मूळ फाइल टाकल्यावर कंप्युटर हरवलेल्या भागांसाठी ओरडणार आणि कदाचित ताकदही कमी करणार. डिलीट करणं क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये अंदाज दिला होता की त्याआधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमध्ये अशी छेडछाड झाली, म्हणजे असा ट्रक तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता कमी नाही. कॅलिफोर्नियात असाल तर स्मॉग चेकला (धुराच्या सक्तीच्या तपासणीला) तो अडकेल. तिथे कार्बचा (तिथल्या हवा नियामक मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक असलेला ट्यूनच चालतो. असा ट्रक हातात पडला असेल तर आधी ते भाग परत बसवायचा खर्च धरा. ट्रान्समिशनचं नंतर.

मूळ फाइल टाकून झाली की तोच ट्रेलर, तोच चढ, तोच वेग. तक्रार गेली तर ट्रान्समिशन अजून जिवंत आहे आणि दोष ट्यूनमध्ये आहे. तक्रार जशीच्या तशी राहिली तर ट्यूनला दोष देत बसू नका, पुढच्या तपासण्या करा. ही एक चाचणी न करता जे रिबिल्ड सुचवतात त्यांच्याकडे मी माझा ट्रक सोडणार नाही.

ऑइल बघा, हुंगा, कागदावर टाका

ऑइल बघायची पद्धत प्रत्येक ट्रान्समिशनची वेगळी, पण बहुतेक डिझेल पिकअपमध्ये ऑइल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, सपाट जमिनीवर पातळी बघतात. गिअर पार्कमध्ये ठेवायचा की न्यूट्रलमध्ये हे मॅन्युअलमध्ये बघा. थंड ऑइलवर पातळी बघून वर ऑइल ओतणारे बरेच असतात. मग ते तापून फुगतं, फेसाळतं आणि गिअर आणखी घसरतात.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि थोडा वेळ तसाच ठेवा. चांगलं ऑइल लालसर राहून एकसारखं पसरतं. तपकिरी झालेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही, ते फक्त म्हातारं झालंय. पण मध्यभागी काळा ठिपका उरला आणि करपल्याचा वास आला तर प्लेटांचं अस्तर जळून ऑइलमध्ये आलंय. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर ट्रक जागेवरून हलवू नका. रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी ऑइलमध्ये शिरल्याची ती खूण आहे.

ट्रान्समिशनचा पॅन (तळाचं ऑइलचं भांडं) उघडलाच तर तळाचा लोहचुंबक बघा. त्यावर राखाडी, बोटाला मऊ लागणारा लेप असणारच, तो झिजेचा आहे. बोटाला टोचणारी धातूची कुसळं किंवा पितळी कण असतील तर पुढचं काम तुमच्या गॅरेजमध्ये होणारं नाही. फिल्टर बदलताना आपल्या ट्रान्समिशनला किती फिल्टर आहेत ते आधी बघा. ६८आरएफईला दोन असतात आणि अ‍ॅलिसनचा एक बाहेरून, इंजिनच्या ऑइल फिल्टरसारखा फिरवून काढता येतो.

बॅटरी, ग्राउंड आणि ब्रेकचा स्विच

डिझेल पिकअपमध्ये सहसा दोन बॅटऱ्या असतात. एक मेली तरी दुसरीच्या जिवावर ट्रक चालू होतो, पण व्होल्टेज डळमळतं आणि ट्रान्समिशनचे सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारे व्हॉल्व्ह) वेड्यासारखे वागतात. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १४ असायला हवेत. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. एका व्होल्टच्या दहाव्या भागाहून जास्त दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. १९९८ ते २००२ च्या कमिन्स डॉजचे मालक याला चांगले ओळखून आहेत: अल्टरनेटरच्या असल्या गोंधळामुळे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग, जो वेग आला की आतल्या क्लचने थेट जोडला, म्हणजे लॉक केला, जातो) पुन्हा पुन्हा लॉक होतो, सुटतो, लॉक होतो, आणि माणसाला वाटतं गिअर खराब झाला.

ब्रेकचा स्विच हाही असाच लबाड. ब्रेक दाबला की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटतो, तसा तो सुटायलाच हवा. स्विच ढिला असेल आणि खड्ड्यात चाक गेल्यावर नुसता चुळबुळला, तरी लॉक सुटतो. ट्रक उभा असताना, ट्रेलरची सात पिनांची वायर जोडलेली ठेवून, स्कॅनरवर ब्रेक स्विचची स्थिती बघा. पायही न लावता ‘ऑन’ दाखवत असेल तर दुरुस्ती थोडक्या पैशांची आहे. वायर काढल्यावर ‘ऑफ’ होत असेल तर दोष ट्रेलरच्या वायरिंगमध्ये शोधा.

स्कॅनरवर काय बघायचं

फोर्डसाठी फोरस्कॅन आणि रॅमसाठी अल्फाओबीडी ही फोनवर चालणारी, कमी खर्चाची साधनं आहेत. ड्युरामॅक्ससाठी ईएफआयलाइव्ह किंवा एचपी ट्यूनर्स चांगली, पण महाग. आधी कोड वाचून लिहून ठेवा आणि लगेच पुसू नका. पी०७०० म्हणजे नुसतं ‘ट्रान्समिशनच्या कंप्युटरकडे तक्रार आहे, तिथे जाऊन विचारा’. पी०७३० म्हणजे सांगितलेला गिअर आणि मिळालेला गिअर यांचा मेळ बसत नाही. पी०७४१ टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक नीट लागत नसल्याचा आणि पी०२१८ ऑइल जास्त तापल्याचा.

मग चालत्या ट्रकमध्ये बघून लिहून ठेवायचे आकडे: इंजिनचे आरपीएम, टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चक्राचे) आरपीएम, कन्व्हर्टरची स्लिप (या दोहोंतला फरक), सांगितलेला गिअर आणि ऑइलचं तापमान. आकडे बघायला शेजारी दुसरं माणूस हवंच. गाडी चालवणाऱ्याने डोळे रस्त्यावर ठेवावेत.

लॉक लागतोय की नाही हे कागदावरही काढता येतं. वेग गुणिले अ‍ॅक्सल रेशो गुणिले गिअर रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचातली उंची. जीपीएसवर ताशी ६० मैल, ३.७३ चा अ‍ॅक्सल, ०.७१ चा पाचवा गिअर आणि साडेएकतीस इंची टायर असेल तर उत्तर येतं जवळपास १,७००. टॉर्कशिफ्टचा पाचवा, ४आर१०० चा चौथा आणि अ‍ॅलिसनचा पाचवा, तिन्हींचा रेशो ०.७१ च आहे. मीटरवर १,७०० असेल तर कन्व्हर्टर लॉक आहे. त्याच वेगाला १,९५० दिसत असतील तर लॉक लागलेला नाही किंवा घसरतोय.

खात्री करायची तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर, मागे कुणी नसताना, वेग स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकच्या पेडलला नुसता स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागण्याइतकाच, ट्रक मंदावेल इतका नाही. लॉक लागलेला असेल तर आरपीएमचा काटा चटकन वर उडी मारतो आणि पाय काढला की क्षणा-दोन क्षणांत खाली येतो. काटा हललाच नाही तर लॉक मुळात लागलेलाच नव्हता. ही चाचणी आधी ट्रेलर न लावता करा.

आता ट्रेलर लावून चढ. एकाच गिअरमध्ये, लॉक लागलेला असताना, इंजिनचे आणि टर्बाइनचे आरपीएम जवळजवळ सारखे राहायला हवेत. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे चढत गेले आणि टर्बाइनचे तिथेच राहिले, तर घसरतोय तो टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच. दोन्ही एकत्र चढले पण जीपीएसवरचा वेग वाढला नाही, तर आतल्या गिअरच्या प्लेटा घसरतायत. गॅरेजवाल्याला हे एक वाक्य सांगता आलं तरी बिलात फरक पडतो, कारण कन्व्हर्टर बदलणं आणि पूर्ण ट्रान्समिशन उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणि स्लिप शून्याजवळ आहे, कोड नाही, तापमान ठीक आहे, तरी गिअर वरखाली होत राहतो असं असेल तर काहीच बिघडलेलं नाही. ट्यूनचा शिफ्टचा तक्ता भाराला धरून नाही, एवढंच.

शिकलेलं पुसून पुन्हा शिकवणं

ही ट्रान्समिशनं गिअर कसे बसतायत ते बघून स्वतःचे दाब बदलत जातात. महिनोन्महिने चुकीचा टॉर्क कळवला गेला असेल तर चुकीची भरपाईही शिकून बसलेली असतात. म्हणून ट्यून बदलला किंवा ऑइल बदललं की ही शिकवण पुसावी लागते. फोर्डमध्ये फोरस्कॅनने हे होतं. अ‍ॅलिसनसाठी ‘फास्ट लर्न’ आणि ६८आरएफईसाठी ‘क्विक लर्न’ अशा प्रक्रिया असतात, त्यांना योग्य स्कॅनर लागतो आणि ऑइल ठरावीक तापमानात असावं लागतं. पुसल्यावर पहिले काही मैल गिअर ओबडधोबड पडतात. त्याला घाबरू नका. ट्रेलर न लावता, हलक्या पायाने, गावातून आणि हायवेवरून भरपूर चालवा, सगळे गिअर थंड आणि गरम दोन्ही स्थितींत पडू द्या. लगेच ट्रेलर अडकवून घाट चढलात तर पहिला धडाच चुकीचा जाईल.

ट्रेलर लावून चालवताना

ट्यून ठेवायचाच असेल तर ट्रेलरसाठी फक्त ‘टो’ पातळी वापरा. चांगल्या टो ट्यूनमध्ये डिझेल थोडंच वाढवलेलं असतं, लाइन प्रेशर त्या प्रमाणात वाढवलेलं असतं, कन्व्हर्टर लवकर लॉक होतो आणि चढावर लॉक धरून ठेवतो. ट्यून विकणाऱ्याला सरळ विचारा: ट्रान्समिशनचा प्रोग्रॅमही यात आहे का, टॉर्कचे आकडे बदलले आहेत का, शिफ्टच्या वेळची टॉर्कची कपात ठेवली आहे का. गोलमाल उत्तर आलं तर पैसे वाचवा.

टो-हॉलचं (ट्रेलर ओढतानाच्या मोडचं) बटण ट्रेलर जोडला की दाबायचं आणि ट्रेलर सोडेपर्यंत तो मोड चालू ठेवायचा. ७.३ लिटरच्या जुन्या फोर्डमध्ये टो-हॉल नाही, तिथे ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करायचं बटण आहे, चढावर तेच वापरा. गिअर चौथा-पाचवा करायला लागला की वाट बघत बसू नका, वरचा गिअर स्वतःच बंद करा. इंजिन २,२०० वर फिरतंय म्हणून कळवळू नका. डिझेलला २,२०० चं काही वाटत नाही, ट्रान्समिशनला मात्र दर मिनिटाला दोनदा गिअर बदलण्याचं फार वाटतं. आणि उताराला आपल्या बोरघाटातल्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम इथे रॉकीजमध्येही तसाच लागू आहे: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

तापमानाचा काटा ट्रकमध्ये नसेल किंवा त्यावर आकडेच नसतील (जुन्या फोर्डमध्ये नसतात), तर स्कॅनरवरचा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. २०० फॅरनहाइटपर्यंत निर्धास्त राहा. २२० च्या वर टिकून राहिला तर वेग कमी करा आणि एक गिअर खाली या, म्हणजे इंजिनचा भारही कमी होतो आणि पंपही जास्त ऑइल फिरवतो. २४० च्या पुढे गेला तर सुरक्षित जागी थांबा. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. मॅन्युअल सांगेल तसं पार्कमध्ये किंवा (हँडब्रेक लावून) न्यूट्रलमध्ये टाकून आरपीएम हजार-बाराशेवर धरा, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहतं आणि काही मिनिटांत आकडा उतरताना दिसतो. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालात तर आयझेनहॉवर बोगद्याआधी हे हमखास वापरावं लागेल, कारण तिथे ११,००० फुटांवर हवा विरळ असते आणि कूलरला वारा मिळतो तोही पातळ.

वारंवार २२० च्या वर जात असेल तर मोठा कूलर लावणं हा वाजवी खर्च आहे. ७.३ च्या फोर्डवर नंतरच्या ६.० चा कूलर बसवणं ही जुनी, पारखलेली युक्ती आहे. पण घसरणाऱ्या प्लेटांवर कूलर हा इलाज नाही.

गॅरेजमध्ये जायचंच झालं तर

मूळ फाइलवरही स्लिप दिसते, ऑइलला करपल्याचा वास आहे किंवा चुंबकावर कुसळं आहेत, तर ट्रान्समिशन उघडावंच लागेल. शोधताना नुसत्या साध्या गाड्यांचं काम करणाऱ्यापेक्षा डिझेल पिकअपचं ट्रान्समिशन रोज उघडणारा बघा. ट्रक ट्यून केलेला आहे आणि त्याने किती पाउंड ओढायचे आहेत हे आधीच सांगा, काट्याची पावती दाखवा. लपवलंत तर तो मूळ ताकदीचं ट्रान्समिशन बांधेल आणि ते तुमच्या ट्यूनखाली पुन्हा जाईल, शिवाय वॉरंटीही नाकारली जाईल.

विचारायच्या गोष्टी: कन्व्हर्टर नवीन की जुनाच धुऊन लावणार, कूलर आणि त्याच्या नळ्या धुणार की बदलणार, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटून देणारा भाग) तपासणार का, वॉरंटी ट्रेलर ओढण्यालाही लागू आहे का आणि तसं लिहून देणार का. कूलरचा मुद्दा सोडू नका. जुन्या ट्रान्समिशनचा कचरा कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला असतो, तो नवीनात गेला की व्हॉल्व्ह अडकतात. काम झाल्यावर पहिले काहीशे मैल मूळ फाइलवर आणि ट्रेलरशिवाय चालवा, मग आधी लिहून ठेवलेल्या त्याच चढावर स्लिपचे आणि तापमानाचे आकडे पुन्हा घ्या. ते जुन्या आकड्यांशेजारी लिहून गॅरेजवाल्याला पाठवा. पुढे वॉरंटीची वेळ आलीच तर तो कागद उपयोगी पडतो.